काय राहिलं?

भोंग्याचं कुजबुजणं हा त्या रुग्णालयातला जुना विनोद होता. पेशंटच्या कानाशी वाकून तिने "पोट साफ झालं का?" असं हळूच विचारलं, की पार खिडकीकडच्या खाटेवरून "हो, सकाळीच!" असं उत्तर यायचं. बरोबरच्या सिस्टरांनी तिला हे नाव तोंडावर ठेवलं आणि तिनेही ते मिरवलं. घरी नवरा घड्याळं दुरुस्त करणारा. दिवसभर डोळ्याला भिंग लावून बसायचा आणि टिकटिकीपेक्षा मोठ्याने कधी बोलायचा नाही. लोक म्हणत, या दोघांच्या आवाजाची बेरीज करून दोनाने भागलं, तर दोन बरी माणसं निघतील.

तिची उमेदीची सगळी वर्षं बायकांच्या जुन्या वॉर्डात गेली. तिथे औषधाच्या कपाटाला बुक्की मारल्याशिवाय ते उघडत नसे आणि लिफ्टचा रुसवा तर माहेरी गेलेल्या बायकोसारखा, कधी संपेल याचा नेम नाही. पण पाळी बदलताना तिथे एक रीत होती. वॉर्डाच्या मुख्य सिस्टर, ज्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणत, घरी निघालेल्या मुलींना टेबलाशी गोळा करून विचारायच्या, "काय राहिलं?"

काय केलं, असं नाही. काय राहिलं. मग मुली भराभरा सांगायच्या. कोपऱ्यातल्या बाईंचं ड्रेसिंग राहिलं. नव्या पेशंटचा ताप बघायचा राहिला. एकदा एक जण म्हणाली, "दाराजवळच्या आजींवर मी उगाच खेकसले. त्यांची समजूत काढायची राहिली." येणाऱ्या मुली ते सगळं उचलायच्या, एका जावेचं काम दुसरीने उचलावं तसं. म्हणजे टोमणा मारून, पण उचलायच्या. "तुझी ड्रेसिंगं मला वारशातच मिळालीत गं!" एवढं बोलून झालं की संपलं. कुणी कुणाला जाब विचारल्याचं भोंग्याला आठवत नव्हतं.

पुढे बाई निवृत्त झाल्या, वॉर्ड बंद झाला, जुन्या मैत्रिणी चार दिशांना पांगल्या आणि भोंगा नव्या इमारतीत मुख्य सिस्टर झाली. सगळीकडे काच, गुळगुळीत फरशी, आपोआप उघडणारी दारं. पहिल्याच दिवशी तिने मुलींना टेबलाशी गोळा केलं आणि मोठ्या हौसेने विचारलं, "काय राहिलं?"

पहिले काही दिवस थोडंफार राहिलं. मग रोज एकच उत्तर येऊ लागलं, "काही नाही सिस्टर, सगळं झालंय."

"अगं, घरात चार माणसं असली तरी एकाचं काही ना काही राहतं. इथे एवढा वॉर्ड भरलाय आणि काहीच नाही?"

"काही नाही, सिस्टर."

भोंगा मनातल्या मनात म्हणे, हल्लीच्या मुलींना माया नाही. मग ती खिडकीशी जाऊन जुन्या इमारतीकडे बघत राही. तिथे आता मोडक्या खाटा रचून ठेवल्या होत्या.

अशात एका निवृत्त मास्तरांचा हात सुजला. सलाईनची सुई शिरेतून सरकली होती आणि पाणी मांसात जात राहिलं होतं. संध्याकाळच्या मुलींच्या ते लक्षात आलं, तेव्हा हात उशीसारखा फुगला होता. थोडक्यात निभावलं. पण दुपारची पाळी होती चिमणीची. चिमणी म्हणजे वॉर्डातली सगळ्यात नवी नर्स, अंगाने आणि आवाजानेही तेवढीच. हात जरा सुजलाय हे तिने जाताना पाहिलं होतं. आणि टेबलाशी ती म्हणाली होती, "सगळं झालंय."

भोंग्याने तिला बाजूला घेतलं आणि आपल्या मते अगदी प्रेमाने विचारलं, "मला का नाही सांगितलंस?" लांब टोकाला फरशी पुसणारी बाई हातातला पोछा सोडून बघायला लागली.

चिमणीने बुटांकडे बघत म्हटलं, "तुम्हाला कोण सांगणार, सिस्टर?"

"म्हणजे?"

"आधी सांगायचो. एकीने सांगितलं होतं, लघवीची पिशवी रिकामी करायची राहिली. तुम्ही म्हणालात, 'राहिलीच कशी?' त्या दिवसापासून आमचं सगळं झालेलंच असतं."

भोंगा घरी आली ती न बोलता. नवऱ्याने घाबरून भिंग काढलं. मग तिने सांगितलं ते ऐकून घेतलं आणि बराच वेळ एक स्क्रू शोधल्यासारखं केलं.

"खरं सांगू? मीसुद्धा कधी कधी 'झालंय' म्हणतो."

"तुम्ही?"

"परवा तू नळाचं विचारलंस ना. तो अजून गळतोय. खाली वाटी ठेवलीय."

रविवारी ती बाईंकडे गेली. बाई आता लेकीकडे राहायच्या. लेक दारातच म्हणाली, "आईला काही ऐकू येत नाही हो. मशीन आणलंय, तर ते कपाटात ठेवते." पण भोंग्याने आत पाऊल टाकून "बाई!" म्हटलं आणि म्हातारीचा चेहरा उजळला.

"आलीस का गं! तुझं एकटीचं ऐकू येतं बघ. बाकीचं घर मुकं झालंय."

भोंग्याने विचारलं, तुम्ही रोज 'काय राहिलं' विचारायचात, आम्हाला भीती कशी वाटायची नाही?

"असं विचारायचे मी?" बाईंना खरोखरच आठवेना. "असेन बाई. मला आपली पाळी संपतानाची धास्ती आठवते. आपल्या हातून काहीतरी सुटलंय, असं वाटत राहायचं. तुम्हाला सांगून टाकलं की मोकळी व्हायचे."

परतताना बसमध्ये भोंगा खिडकीला टेकून बसली. तो वॉर्ड, ते टेबल, कोपराने एकमेकींना ढोसणाऱ्या मुली आणि बाईंचा आवाज, सगळं समोर आलं. "माझं तर आज असं असं राहिलं गं बाई. तुमचं काय राहिलं?" रोज असंच. आधी बाईंचं, मग आमचं. तिने इतकी वर्षं जे वाक्य जिवापाड जपलं होतं, त्याचा सुरुवातीचा अर्धा भाग तिच्या हातून केव्हाच गळून गेला होता.

दुसऱ्या दिवशी ती टेबलाशी उभी राहिली.

"माझं एक राहिलंय," ती म्हणाली. "मास्तरांचा हात का सुजला, ते मी त्यांच्या मुलाला अजून नीट सांगितलेलं नाही. तो ओरडेल म्हणून टाळतेय." मग जरा थांबून, "तुमचं काय राहिलं?"

मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. "काही नाही सिस्टर, सगळं झालंय."

'नाही कसं!' हे शब्द भोंग्याच्या जिभेवर आले. ते तिने कडू गोळीसारखे गिळले. मुली पर्स उचलून निघाल्या. ती मास्तरांच्या खाटेकडे वळली, तर मागून चिमणी आली.

"सिस्टर, मी येऊ बरोबर? माझंही तेच राहिलंय."

मास्तरांचा मुलगा हाताची घडी घालून उभा होता. भोंगा तोंड उघडणार, तेवढ्यात चिमणीनेच सुरुवात केली. अडखळत, पण आपण काय पाहिलं आणि काय लपवलं, ते सगळं. भोंगा आयुष्यात पहिल्यांदा इतका वेळ गप्प राहिली. मुलाचा चेहरा लाल झाला.

"तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"ती मला घाबरली," भोंगा म्हणाली. "आणि मी तुम्हाला."

त्याने वडिलांच्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाला, "बोटं हलतील ना त्यांची?" चिमणीने मास्तरांचा हात हातात घेतला आणि एकेक बोट हलवून दाखवू लागली.

भोंगा बाहेर आली. आत्ताच्या आत्ता हे कुणाला तरी सांगावं, असं तिला फार वाटलं. जुन्या वॉर्डातल्या त्या टेबलाशी उभं राहून, त्या वेळच्या मुलींना. एकीने तरी कोपराने ढोसलं असतं, म्हणाली असती, "एवढा वेळ तू गप्प? थाप मारू नकोस गं!" तिने जुन्या इमारतीकडे एकदा पाहिलं. मग आपोआप उघडणाऱ्या दारातून आत गेली. संध्याकाळच्या मुली आल्या होत्या आणि मास्तरांच्या हाताचं शेकणं खरंच राहिलं होतं.