बिरू आबांची घोंगडी

शिरूरहून सकाळच्या एसटीने निघालो तेव्हा पिशवीत झेंडूचा हार होता आणि एका नामवंत प्रवासी लेखकाच्या आठवणींचं पुस्तक. हार बिरू आबांच्या फोटोला घालायचा होता. खुटबावच्या या मेंढपाळाने लेखकाला भाकरी खाऊ घातली, अंगावरची घोंगडी देऊन टाकली आणि पुढे देह ठेवला, हे प्रकरण वाचून मी चक्क रडलो होतो.

न्हावऱ्याच्या पुढे लेखकराव दोन पानं तहानेने तडफडतात. मला दोन्ही अंगांना ऊसच दिसला, आणि आमच्या कंडक्टरने गुऱ्हाळाशी गाडी थांबवून निवांत रस प्यायला. पुस्तकातला ‘निर्जन माळ’ म्हणजे हॉटेलांनी गजबजलेला चौफुला निघाला. तिथून वडापमध्ये (माणसं कोंबून नेणारी जीप) मी मागे लोंबकळत गेलो, हार सांभाळत.

खुटबावात ओट्यावर एक म्हातारा लसूण सोलत होता. बिरू आबांचं घर हेच का, म्हणून त्याला विचारलं.

“मीच बिरू. हार कुनाला आनलाय?”

हार पाठीमागे धरून मी पुस्तकच पुढे केलं. मुखपृष्ठावर लेखक घोंगडी पांघरून क्षितिजाकडे बघत होते. आबांनी घोंगडीच्या रफू केलेल्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. मेंढरं विकून शेती धरली तेव्हा शेवटच्या लोकरीची ती विणून घेतलेली. लेखकांनी फोटोपुरती मागून नेली, धाडून देतो म्हणाले. त्याला चार हिवाळे झाले. सुनेने आणलेला चहा मी तसाच ठेवला, इतका राग आला होता. लेखकाचा, आणि आपल्या फुकट गेलेल्या रडण्याचाही.

आबांच्या आग्रहाने शेवटचं पान वाचून दाखवलं. त्यात आबांच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. मग लेखकांनी हात जोडून ‘तुमच्यावर पुस्तक लिहीन’ असा शब्द दिला, तेव्हा कुठे शिवला.

आबा ठसका लागेपर्यंत हसले.

“पुस्तकात कशाला जीव आडकंल माजा? घोंगडी आल्याबिगर कावळा शिवायचा न्हाई.”

त्यांनी पुस्तक कोनाड्यात उभं केलं आणि माझ्या हातातला हार लेखकाच्या फोटोला घातला.

“आता आमी दोगं सारकं,” ते म्हणाले.

शिरूरला परतल्यावर मला तो सबंध प्रवास पुन्हा लिहून काढायचा होता. पण लेखकरावांसारखी भाषा मला झेपेना. लेखकांना एक पोस्टकार्ड टाकलं: ‘खुटबावला आपल्या फोटोला हार घातला आहे. हयात असाल तर घोंगडी परत नेऊन द्यावी आणि हार काढून घ्यावा.’