घानानानांची कारकीर्द

आमचे नाना घराबाहेर पडताना चपला शोधण्याआधी सत्ता कुणाकडे सोपवायची ते बघायचे. नुसतं यावलला बाजाराला निघाले तरी ओसरीवर उभं राहून खणखणीत आवाजात जाहीर करायचे, "मी निघालो. मी येईपर्यंत घरचे सगळे अधिकार उपाध्यक्षांकडे!" उपाध्यक्ष म्हणजे आमची काकू, नानांची बायको. ती आतून ओरडायची, "अधिकार राहू द्या तठीच, पिशवी तं घ्या आधी!" मग नाना पिशवीसाठी परत यायचे आणि निघताना सत्ता पुन्हा पहिल्यापासून सोपवायचे. कारण मधे ते घरात आले होते आणि तेवढ्यापुरती ती आपोआप त्यांच्याकडे परत आली होती.

आम्ही यावल तालुक्यातले केळीवाले. तिघे भाऊ एकत्र राहायचे. आबा थोरले, नाना मधले आणि माझे वडील धाकटे. त्यांना आम्ही भाऊ म्हणतो. नानांचा हात ठिबक सिंचनाच्या कामात तयार होता, म्हणून एका कंपनीने त्यांना पश्चिम आफ्रिकेतल्या घाना देशात, केळीच्या मळ्यावर नळ्या टाकायला पाठवलं. गेले तेव्हा साधे नाना होते. काही वर्षांनी परत आले तेव्हा आम्ही पोरांनी त्यांचं नाव घानानाना ठेवलं आणि ते गावाने उचललं. तिकडे सोन्याच्या खाणी आहेत असं कुणीतरी सांगितल्यामुळे मोठ्या आईने, म्हणजे आबांच्या बायकोने, बांगड्यांचं माप देऊन ठेवलं होतं. नानांनी आणली ती तिथली राज्यघटना, तीही पाठ करून. मोठी आई त्यांच्याशी आठवडाभर बोलली नाही.

राज्यघटना त्यांना शिकवली मळ्यावरच्या कोजो नावाच्या गोदामवाल्याने. या कोजोकडे रेडिओ होता, आणि सकाळी सकाळी त्यावर राजकारणाची भांडणं लागायची. ती ऐकून मळ्यावरची माणसं घड कापता कापता भांडायची. नानांना इंग्रजी बेताचंच, पण भांडण कुठल्याही भाषेतलं असो, त्यांना चटकन कळायचं. त्यातून त्यांच्या डोक्यात तिथला राष्ट्राध्यक्ष जो बसला तो उठलाच नाही. "आपल्याकडं कसं, राष्ट्रपती सही करतात अन् पंतप्रधान राबतात," ते समजावून सांगायचे. "तठी दोन्ही एकच मानूस. लग्नात नवरदेवबी तोच अन् मुलीचा बापबी तोच. मिरवायचंबी त्यानंच अन् पाहुण्यांचं पाहायचंबी त्यानंच. शिवाय फौजेचा मुख्य तोच!" लोक ऐकून घ्यायचे, कारण नाना चहा पाजायचे.

पण ते परत आले तेव्हा आमच्या घरात हसण्यासारखं काही राहिलं नव्हतं. आबा आणि भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. विहिरीवर मोटर एकच, ती कुणाच्या बागेसाठी आधी चालवायची यावरून सुरू झालेलं भांडण वाटणीपर्यंत आलं होतं. चूलही वेगळी करायची ठरली होती. आई आणि मोठी आई स्वयंपाकघरात डबे कुणाचे कोणते हे डोळ्यांनीच ठरवत होत्या. नानांनी दोन दिवस सगळं पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यांना ओसरीवर बसवून म्हणाले, "वाटनी जमिनीची कायले करता? अधिकाराची करा ना! सगळं पानी एकाच झाडाच्या बुडाशी सोडलं तं ते झाड सडते अन् बाकीची वाळतात." मग म्हणाले, घराला चार वर्षांसाठी एक अध्यक्ष निवडू. सगळ्यांच्या मतांनी, बायकांच्याही. अर्ध्याहून जास्त मतं पाहिजेत. आणि एका माणसाला फार तर दोन वेळा.

आबांना भाऊ नको होते, भाऊंना आबा नको होते, म्हणून नाना निवडून आले. मोठमोठ्या देशांतही असंच होत असावं.

नानांनी लगेच मंत्री नेमले. आबांकडे बाजार आणि व्यापारी, आणि भाऊंकडे पाणी. पण घानात म्हणे राष्ट्राध्यक्षाने नाव दिलं म्हणून कुणी मंत्री होत नाही, संसद त्याला समोर बसवून प्रश्न विचारते. आमची संसद म्हणजे घरातली बाकी सगळी माणसं. भाऊंना पाटावर बसवलं आणि पहिला प्रश्न माझ्या आईने विचारला. "न्हाणीतला नळ गळून राह्यला त्याले किती महिने झाले?" भाऊ बोटांवर महिने मोजू लागले. "मले सांगा, ज्याले घरचा नळ दुरुस्त होत नाई तो पानीमंत्री कसा काय?" मोठी आई पदराआड हसली. भाऊ उठले, पाना घेतला, नळ दुरुस्त केला आणि ओल्या बंडीनिशी परत येऊन पाटावर बसले. नेमणूक एकमताने मंजूर झाली. मोटरीच्या पाळ्या भाऊंनी लावल्या, पण आबांच्या बागेला कमी पाणी गेलं की आबा संसदेत उठून उभे राहायचे. भांडण बंद झालं नाही, पण ते आता आठवड्यातून एकदाच आणि सगळ्यांसमोर व्हायचं.

संसदेची सभापती मोठी आई होती. सभापतीचं काम इतरांना बोलू देणं. मोठ्या आईने उभ्या आयुष्यात कुणाला बोलू दिलेलं नाही, पण तिच्यासमोर सभापती व्हायला दुसरं कोण उभं राहणार? खरी गंमत व्हायची ती नाना आणि काकू दोघंही लग्नाला वगैरे निघाले की. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष दोघंही नसले तर घानात सभापतीकडे कारभार जातो, आणि त्याला रीतसर शपथ घ्यावी लागते. भुसावळची गाडी चुकेल म्हणून काकू दारात पाय आपटते आहे, आणि नाना स्वयंपाकघरात मोठ्या आईसमोर उभे, "म्हना वहिनी, मी या घराशी एकनिष्ठ राहीन..." मोठी आई कणकेचे हात वर धरून म्हणायची, "अहो, मागच्या लग्नाले घेतली व्हती की शपथ! एवढ्यात शिळी झाली का?" नाना गंभीर चेहऱ्याने सांगायचे की हाच वाद तिकडे कोर्टात गेला होता आणि कोर्ट म्हणालं, दर वेळी घ्यायची. कोर्टाचं नाव निघालं की मोठी आई मुकाट्याने शपथ घ्यायची. मग नाना-काकू परत येईपर्यंत सगळ्यांना धारेवर धरायची.

एकदा घरच्यांनी पीठ दळायला घरघंटी घ्यायचं ठरवलं. नानांनी विजेच्या बिलाचं कारण काढून सही नाकारली. तो त्यांचा अधिकारच होता. पण दोन तृतीयांश मतं पडली तर राष्ट्राध्यक्षाचा नकार मोडता येतो, हेही त्यांनीच आम्हाला शिकवून ठेवलेलं. बायकांनी एका दुपारात मतं जमवली. काकूनेही नवऱ्याविरुद्ध हात वर केला. त्यानंतर भुसावळहून ती घरघंटी आणायला नाना स्वतःच गेले, टेम्पोत तिला धरून बसून आले, आणि उतरल्या उतरल्या म्हणाले, "पाडलं मले! कसं शिस्तीत पाडलं!" एवढे खूश मी त्यांना निवडून आल्यावरही पाहिलं नव्हतं.

माफीचा अधिकार ते जपून वापरायचे. आबांना साखरेचा आजार, आणि ते जत्रेतून गोडशेव आणून चोरून खाताना सापडले. मोठ्या आईने महिनाभर चहा बंदची शिक्षा सुनावली. आबांनी दयेचा अर्ज केला. माफी देण्यापूर्वी राष्ट्राध्यक्षाने ज्येष्ठांच्या सल्लागार मंडळाला विचारावं लागतं. आमच्या सल्लागार मंडळात ज्येष्ठ म्हणून आबा एकटेच होते. नानांनी मंडळाला विचारलं, मंडळाने बराच विचार करून आबांना माफ करावं असा सल्ला दिला, आणि आबांना चहा मिळाला. बिनसाखरेचा, कारण आरोग्य खातं काकूकडे होतं.

अशी आठ वर्षं गेली. मधल्या काळात माझं लग्न होऊन मी धुळ्याला आले. मैत्रिणींना सासरी माहेरच्या पापडांची आठवण यायची, मला आमच्या संसदेची. दुसरी मुदत संपत आली तेव्हा मी माहेरी गेले होते. घरात सगळ्यांचा एकच धोशा होता की नानांनीच पुढे चालवावं. सगळ्यात पुढे आबा आणि भाऊ, आणि तेही एकत्र. "नियम आपलाच आहे, बदलू," भाऊ म्हणाले. आम्हा सगळ्यांच्या मनात एकच भीती होती. नाना बाजूला झाले तर हे दोघे पुन्हा जिथे होते तिथे जातील आणि घर फुटेल.

नानांना मोह झाला होता, हे मी पाहिलं आहे. दोन दिवस ते ओसरीवर येरझाऱ्या घालत होते. त्यांना ते पद मनापासून आवडायचं, ओसरीवरच्या त्या घोषणेसकट. शेवटी सगळ्यांसमोर उभे राहिले आणि त्यांचा आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता. "घानाच्या शेजारपाजारी काही जनांनी हेच केलं," ते म्हणाले. "लोकांनी आग्रह केला म्हनून नियम बदलला अन् बसून राह्यले. मंग एक दिवस लष्कर आलं. आपल्याकडं लष्कर नाई. आपल्याकडं तलाठी येईल." सगळे हसले. नाना हसले नाहीत. "मी असलो तंच घर टिकत असंल, तं मी काहीच केलं नाई असं समजा," एवढं म्हणून ते खाली बसले.

निवडणुकीला आबा, भाऊ आणि काकू उभे राहिले. पहिल्या फेरीत कुणालाच अर्ध्याहून जास्त मतं नाहीत. दुसऱ्या फेरीत आबा आणि काकू. काकू जिंकली. आबांनी स्वतःच नंतर सांगितलं की त्यांनी मत काकूलाच दिलं होतं. "घरघंटी बंद पडली तं चालू करता तिलेच येते," हे त्यांचं कारण.

पदावरून उतरलेल्या नानांचं काय करायचं हे कुणालाच कळेना, नानांना तर अजिबातच नाही. जेवताना काहीतरी जाहीर करायला तोंड उघडायचे आणि घास घालून बंद करायचे. "माजी म्हंजे नुसतं जेवायचं," मला फोनवर सांगायचे. काकूकडे त्यांनी एखादं खातं मागून पाहिलं. काकू म्हणाली, संसदेपुढे बसावं लागेल, माझी आई प्रश्न विचारेल. नानांनी अर्ज मागे घेतला आणि बागेत ठिबकच्या नळ्या तपासत फिरू लागले.

मागच्या वर्षी, केळीची कापणी चालू असताना, ते दुपारी जेवून आडवे झाले आणि उठलेच नाहीत. मी धुळ्याहून पोचले तोवर अंगण माणसांनी भरलं होतं. कोजोला कुणी कळवावं, त्याचा नंबर कुणाकडे आहे, हे विचारत मी वेड्यासारखी फिरत होते. नंबर कुणाकडेच नव्हता.

तेराव्याची जेवणं उरकली आणि मोठ्या आईचे जळगावचे बंधू, जे वकिली करतात, त्यांनी घसा साफ केला. "नाना होते म्हणून हे घर एक होतं," ते म्हणाले. "आता सगळे जमलेच आहात, तर गोडीगुलाबीने वाटणी करून घ्या. कागदपत्रांचं मी बघतो." मी भाऊंकडे पाहिलं, भाऊंनी आबांकडे पाहिलं.

"वकीलसाहेब," आबा सावकाश म्हणाले, "नाना तीन वर्षांपासून पदावर नव्हते."

"मग घर कोण चालवत होतं?"

काकू भिंतीला टेकून बसली होती. तिने डोळे पुसले आणि मान वर केली. "सगळ्यांची जेवनं झाली ना? मंग भाऊ, मोटर चालू करा, आज आबांच्या बागेची पाळी हाये. अन् वकीलभाऊंले कुनीतरी गाडीपर्यंत सोडा."

भाऊ उठून विहिरीकडे गेले. आबा वकीलमामांची पिशवी घेऊन फाटकाशी उभे राहिले. नाना गेले, पण आमच्या घरातलं कुठलंही पद रिकामं झालं नाही. त्यामुळे त्या संध्याकाळी आम्हाला त्यांच्यासाठी नुसतं रडता आलं.