टिल्लूचा पुकारा

बसस्थानकात खाली माझी चौकशीची खिडकी, आणि जिना चढून गेलं की वर बाईंची काचेची खोली. बाई म्हणजे आमच्या भोंग्यातल्या बाई. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली हे त्या भोंग्यातून सांगणार, लोक ते नीट ऐकणार आणि तेच मला येऊन विचारणार. "आत्ताच सांगितलं ना त्यांनी?" मी खेकसायचो. "हो, पण खरं का ते?" लोक म्हणायचे. माझी नोकरी यातच गेली.

बाईंच्या आवाजावरून प्रवाशांना वाटायचं, वर कुणी पंचविशीतली मुलगी बसली असेल. प्रत्यक्षात बाई ठेंगण्याठुसक्या, गालात सदा खोकल्याची गोळी. "आई घरी जेवायला हाक मारते ना, तेव्हासुद्धा आधी घसा साफ करते," असं त्यांचा मुलगा सांगायचा. हा मुलगा म्हणजे टिल्लू. वडील लवकर गेले, त्यामुळे शाळा सुटली की तो माझ्याच टेबलाखाली बसून अभ्यास करायचा. पुढे ताडमाड वाढला, विद्यापीठात भूगोल शिकायला गेला, तरी टिल्लूच राहिला.

सुट्टी लागली तसा त्याने फोन केला, उद्या संध्याकाळच्या गाडीने येतो म्हणून. ती गाडी उशिरा आली. उशिरा येणार हे बाईंनी स्वतःच पुकारलं होतं. गाडीतून सगळे उतरले, टिल्लू उतरला नाही. बाई धरून चालल्या, पुढच्या गाडीत असेल. पुढचीही उशिरा होती, तीही त्यांनीच पुकारली. आमच्या धंद्यातल्या माणसाला गाडी उशिरा म्हटलं की सगळ्या शंकांचं उत्तर मिळतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्या पुकारत राहिल्या आणि स्वतःच्या पुकाऱ्यावर विश्वास ठेवत राहिल्या. मग पोलिसांकडे गेल्या. "इतक्या उशिरा का आलात?" पोलिसाने विचारलं. "गाड्या उशिरा होत्या," बाई म्हणाल्या. त्याने तसंच लिहून घेतलं.

वसतिगृहाच्या वॉचमनने त्याला पिशवी खांद्याला लावून फाटकाबाहेर पडताना पाहिलं होतं. तिथून गाडीचा थांबा हाकेच्या अंतरावर. तेवढ्या रस्त्यात एवढा उंच मुलगा नाहीसा झाला. पिशवीसुद्धा सापडली नाही. पोलिसांनी भांडण, परीक्षा, प्रेमप्रकरण सगळं चाचपून पाहिलं. प्रेमप्रकरण निघालं नाही याचं बाईंना वाईट वाटलं. निघालं असतं, तर निदान कुणासोबत तरी आहे असं म्हणता आलं असतं. विद्यापीठाने भिंतीवर त्याचा फोटो लावला. पुढच्या वर्षी त्यावर नृत्यवर्गाची जाहिरात चिकटली.

हरवलेल्या माणसासाठी आमच्याकडे एक ठरलेला पुकारा असतो. अमुक जिथे असेल तिथून त्याने चौकशीच्या खिडकीपाशी यावं, त्याची माणसं वाट पाहत आहेत. विद्यापीठाकडची गाडी लागली की बाई टिल्लूसाठी हा पुकारा करू लागल्या. रोज. गाडी तीनदा पुकारायची आणि तिसऱ्या पुकाऱ्याला सोडायची, असा आमचा नियम. टिल्लूला त्या दोनदाच पुकारायच्या.

स्थानकाच्या साहेबांनी एकदा बाईंना बोलावून घेतलं. "बाई, निदान शाळेतलं नाव घ्या. भोंग्यातून टिल्लू बरं वाटत नाही."

"त्या नावाने त्याला मास्तर हाक मारायचे," बाई म्हणाल्या. "तो कधी उठला नाही, साहेब."

साहेबांनी पुकारा चालू दिला. ताप झाला तो मला. पुकारा झाला की रिकामटेकडे खिडकीपाशी यायचे आणि टिल्लू सापडला का विचारायचे. एक गृहस्थ तर हरवलेलं कुत्र्याचं पिल्लू घेऊन आले, हेच का म्हणून. मला बाईंचा राग यायचा. एखादा उंच पोरगा खिडकीशी वाकला की मी हातातलं सोडून उठायचो, आणि तो विचारायचा, काका, मुतारी कुठे?

अशी वर्षं गेली. बाईंची निवृत्ती आली. त्यांच्या जागी यंत्र बसणार होतं, पण आवाज बाईंचाच. रेकॉर्डिंगवाला आला, त्याने सगळी गावं, सगळे आकडे आणि 'उशिरा येत आहे' असं सुटं सुटं वाचून घेतलं. शेवटी बाईंनी विचारलं, टिल्लूचा पुकारा यात कुठे बसेल? मी तिथेच वायर धरून उभा होतो.

"तो नाही घेता येणार," साहेब म्हणाले. माणूस वाईट नव्हता, पण नियमाचा पक्का. "त्यात आपण म्हणतो, त्याची माणसं वाट पाहत आहेत. तुम्ही इतके दिवस निदान वर तरी होता. उद्यापासून कुणीच नसणार. मग यंत्राने रोज खोटं बोलायचं का?"

बाईंनी घसा साफ केला. "बरोबर आहे तुमचं. मी उभी राहीन."

"कुठे?"

"खिडकीपाशी."

"रोज?"

"गाडी रोज असते ना?"

साहेब रेकॉर्डिंगवाल्याला म्हणाले, घे. बाईंनी एका दमात वाचलं: "टिल्लू, जिथे असशील तिथून चौकशीच्या खिडकीपाशी ये. आई उभी आहे." रेकॉर्डिंगवाल्याने पुन्हा वाचायला सांगितलं नाही.

आता विद्यापीठाकडची गाडी यायच्या सुमारास बाई घरून येतात आणि माझ्या खिडकीला टेकून उभ्या राहतात. माझी रांग अडते. लोक त्यांनाच गाड्या विचारतात. वरून त्यांचाच आवाज येतो, तेव्हा त्या पदर सावरतात आणि दाराकडे बघतात. परवा त्यांना खिडकीची कड धरून पाय बदलताना पाहिलं आणि मला राहवलं नाही. माझं स्टूल बाहेर नेऊन ठेवलं, चिडूनच म्हटलं, "बसा हो जरा. गाडी उशिरा आहे."

बाई बसल्या नाहीत. "भाऊ," त्या म्हणाल्या, "उभी आहे म्हणून सांगितलंय ना त्याला."