कोयता टाक अगोदर

कल्याणहून मुरबाडकडे जाताना लागणाऱ्या एका पोलीस चौकीत माझी बदली झाली, तेव्हा ठाण्यात बाळकुमला घरी सगळ्यांना बरंच वाटलं. शहरातल्या बंदोबस्तांपेक्षा गावाकडे निवांत असेल, असं सासूबाईंचं मत होतं. चौकीत मी आणि एक वयस्कर हवालदार, दोघंच. गावं मात्र पुष्कळ.

जमिनींचे भाव चढल्यापासून भांडणं बहुतेक बांधावरूनच व्हायची. एका दुपारी दोन चुलतभाऊ मारामारीवर आल्याचा फोन आला. आम्ही मोटरसायकलवरून पोहोचलो, तोवर शेतात दोन्हीकडची माणसं जमली होती. हवालदार मध्ये शिरून समजावू लागले. एका भावाने दुसऱ्यावर उगारलेला कोयता हवालदारांच्याच खांद्यात बसला. आता पोलीस सगळ्यांनाच उचलणार, असं कुणीतरी ओरडलं आणि दगड आमच्या दिशेने येऊ लागले. फोनला रेंज नव्हती.

शेजारच्या घरातून एका म्हातारीने हाक मारली, "बाय, त्याला आत आण."

मी त्यांना ओढतच आत नेलं. तिने धुतलेलं लुगडं माझ्या हातात दिलं, बाहेरून दार ओढून घेतलं आणि उंबऱ्याशी बसली. मी जखम दाबून धरली होती. बाहेरचं सगळं ऐकू येत होतं.

"आये, बाजूला हो."

"कोयता टाक अगोदर."

कोयता मारणारा तिचाच मुलगा आहे, हे मला तेव्हा कळलं. मग कोयता जमिनीवर पडल्याचा आवाज आला. जमाव पांगल्यावर भाजीच्या टेम्पोतून मी हवालदारांना कल्याणला दवाखान्यात नेलं.

पुढे तपास करणाऱ्या साहेबांबरोबर मी तिचा जबाब घ्यायला गेले. ती म्हणाली, "तुमचा माणूस राखला मी. आता माझा पोर मीच कसा देऊ?"

हवालदारांना सांगितलं, तर ते म्हणाले, "त्या बाईंना नको त्रास देऊस. तू पाहिलंयस ना? तू सांग."

मी कोर्टात सांगितलं. मुलाला शिक्षा झाली. म्हातारी व्हरांड्यात थांबली होती. मी बाहेर आल्यावर तिने विचारलं, "त्या हवालदाराचा हात वर होतो का?"

"नाही, खांद्याच्या वर नाही जात. आता ऑफिसात काम देतात त्यांना."

तिने मान हलवली, पदर सावरला आणि एसटी स्टँडकडे चालू लागली.