काका मनोरा उतरतात

तोंडातून गेलेला शब्द आणि धनुष्यातून सुटलेला बाण मागे येत नाही म्हणतात. त्या पंगतीत तिसरं पान आमच्या काकांचं. काका म्हणजे माझे चुलतसासरे. वय अठ्ठ्याहत्तर, मुक्काम लंडनचं हॅरो, आणि मागे फिरण्याशी जन्माचं वैर. एकदा शेजारच्या ईलिंगला बारशाला निघालो असताना त्यांचं वळण चुकलं, तर गाडी वळवण्याऐवजी ते थेट ऑक्सफर्डला पोचले, आणि बाळाचे वाळे मांडीवर घेऊन बसलेल्या मला म्हणाले, "आलोच आहोत तर कॉलेजं बघून घे, सूनबाई." दुकानातून आणलेली वस्तू परत करणं हाही त्यांच्या लेखी मागे फिरण्याचाच प्रकार. त्यामुळे दोन मापं लहान असलेला स्वेटर त्यांनी तीन हिवाळे वापरला आणि त्यात मावेल तेवढाच श्वास घेतला.

दुसरं वेड जुन्या चर्चांचं. "गावात शिरल्यावर आधी ग्रामदैवत, मग चहा" हा त्यांचा नियम, आणि इंग्लंडातल्या कुठल्याही बाजाराच्या गावाचं ग्रामदैवत म्हणजे मधोमध उभं असलेलं पाच-सहाशे वर्षांचं चर्च, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नाही. देवाच्या घरात बूट चालत नाहीत, म्हणून ते पोर्चमध्ये काढायचे. मग बाहेरून एक प्रदक्षिणा, वाटेतल्या थडग्यांना "एक्स्क्यूज मी" म्हणत. एकदा ते आत रंगीत काचा बघण्यात रमले असताना चर्चच्या बायकांनी त्यांचे बूट कुणीतरी दान केलेत असं समजून जुन्या सामानाच्या विक्रीत मांडले. काकांनी ते निमूटपणे विकत घेतले आणि घरी येऊन सांगितलं, "अगदी मापाचे मिळाले."

अशा माणसाकडून त्याच्या गाडीची किल्ली काढून घ्यायचं काम माझ्यावर आलं. मागच्या महिन्यात त्यांनी शेजाऱ्याच्या कंपाउंडची भिंत पाडली होती. "भिंतच जरा पुढे होती," हा त्यांचा खुलासा. त्यांची लेक नेहा लीड्सला असते, जन्म इथलाच, त्यामुळे मराठी तिच्या पद्धतीचं. तिचा फोन आला. "वहिनी, बाबा माझी ऐकतच नाही. तुझा ऐकेल. प्लीज, कारचा की घे त्याच्याकडून, बिफोर समबडी गेट्स हर्ट." माझ्या नवऱ्याने "तू त्यांची लाडकी" एवढं बोलून अंग काढून घेतलं. ज्या सासऱ्यांना चहात साखर जास्त झाली हेही मी कधी सांगितलं नव्हतं, त्यांना मी गाडी सोडा म्हणायचं!

त्या शनिवारी काका सफोकमधलं एक चर्च बघायला निघाले आणि मी शेजारी बसले. वाक्य पाठ होतं. पण रस्ताभर माझे दोन्ही हात दाराच्या कडीला होते. मोटरवे सुटला, दोन्ही बाजूंना उंच कुंपणं असलेले चिंचोळे रस्ते लागले, आणि समोरून ट्रॅक्टर आला. ब्रेक लागला, पण इतक्या उशिरा की ट्रॅक्टरवाल्याच्या हनुवटीवरची दाढीची खुंटं मला दिसली. एका राउंडअबाउटला, म्हणजे इथल्या गोल चौकाला, तर गाडी थांबलीच नाही. लॉरीच्या हॉर्नने कानठळ्या बसल्या. "काका!" मी ओरडले. "राउंडअबाउट दिसला मला," ते म्हणाले. दिसला होता हे खरंच होतं, आणि तेच मला कळेना. डोळे चांगले, डोकं जागेवर, मग गाडी थांबत का नव्हती?

चर्च सुंदर होतं. लोकरीच्या व्यापाऱ्यांनी पैसा ओतून बांधलेलं, गारगोट्यांच्या भिंतींचं, छताला लाकडी देवदूत पंख पसरून बसलेले. त्या दिवशी मनोराही खुला होता. टेबलाशी बसलेल्या आजीबाईंनी काकांच्या पायांतले लोकरीचे मोजे बघून न बघितल्यासारखं केलं, आणि "इट्स अ बिट स्टीप, डिअर" एवढंच म्हणाल्या.

"काका, जिन्यात तरी बूट घाला."

"कळसावर कुणी बूट घालून जातं का?" म्हणत काका चढू लागले.

जिना गोल, एका माणसापुरता, पायऱ्या मधे झिजून गुळगुळीत झालेल्या. धरायला भिंतीलगत एक दोर. मी मागे होते. काका आधी लोकरीच्या व्यापाऱ्यांवर बोलत होते, मग नुसतं "हं, हं" करत होते, मग तेही थांबलं. आणि एकदम त्यांचा मोज्यातला पाय पायरीवरून सर्रकन घसरून माझ्या छातीवर आदळला. त्यांनी दोर पकडला, मी दोन्ही तळवे त्यांच्या पाठीला लावले. माझ्यामागे नुसता काळोख आणि वळत गेलेला दगड.

"काका?"

"आहे."

"वर जाऊ नका."

"नाही जात." मग म्हणाले, "खालीही जाता येत नाहीये. हा उजवा पाय, सूनबाई. कधी असतो, कधी नसतो."

"कधीपासून?"

"थंडीपासून."

मला विचारायचं नव्हतं, पण विचारलं. "गाडीतसुद्धा?"

वर कुठेतरी कबुतरं घुमत होती. "गाडीतसुद्धा."

मला असा संताप आला की सासरे, सून सगळं विसरले. "आणि त्या पायाने तुम्ही ब्रेक मारताय? कुणाचं पोर आडवं आलं असतं तर?"

"रोज तेच मनात येतं," काका हळूच म्हणाले. माझा राग तिथेच संपला.

मग मी त्यांचे मोजे काढून खिशात कोंबले. शिडीवरून उतरतात तसं, तोंड पायऱ्यांकडे ठेवून, उलटं उतरायचं ठरलं. मी त्यांचा उजवा घोटा धरून खालच्या पायरीवर ठेवायची आणि म्हणायची, "टेकला. आता डावा." लग्नात आणि दर दिवाळीला मी त्यांच्या पाया पडले आहे, पण ते पाय इतके बारीक आणि गार असतील हे मला माहीत नव्हतं. एकेका पायरीला दोर कुरकुरत होता. खालून आजीबाईंची हाक आली, "एव्हरीथिंग ऑल राइट, डिअर?"

"लव्हली व्ह्यू, थँक यू!" त्या मिट्ट काळोखातून काकांनी उत्तर दिलं.

पोर्चमधल्या दगडी बाकावर मी त्यांच्या बुटांच्या नाड्या बांधत होते, तेव्हा माझ्यासमोर किल्ली आली.

"नेहाला सांग, मीच दिली."

"तुम्हीच देताय की. मी कुठे मागितली?"

"सकाळपासून घसा साफ करतेयस," काका म्हणाले. "म्हटलं, बघू, हिला जमतंय का. नाही जमलं तर बरंच, असंही वाटत होतं." आणि ते थडग्यांकडे बघत बसले. मला हवं ते मिळालं होतं, आणि मला अजिबात आनंद झाला नाही.

परत येताना ते डाव्या बाजूला हात मांडीवर ठेवून बसले होते, परक्याच्या गाडीत बसल्यासारखे. नेहाचा फोन आला, स्पीकरवर. "वहिनी, कोण चालवतोय गाडी?"

मी काकांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. पण पुढे राउंडअबाउट दिसत होता, आणि त्यांचा उजवा पाय खालची चटई जोरात दाबत होता.

"मी चालवतेय," मी म्हटलं. "ब्रेक काका बघतायत."

आणि मी ब्रेक दाबला.