साडूभाऊंची खानदानी चौकशी

माणसाकडे त्याच्या पणजीसकट बघणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे माझे आलापल्लीचे साडूभाऊ. तुम्ही-आम्ही समोरच्याचा चेहरा बघतो, फार तर चपला बघतो. साडूभाऊ बोटांचे सांधे बघत. भेटायला आलेल्या माणसाचा हात ते दोन्ही हातांत घेत, एकेक पेर हलकेच दाबत आणि अत्यंत आदराने विचारत, "सकाळी उठल्यावर मूठ वळते ना भाऊ?" अनोळखी माणसाला वाटे, काय हा जिव्हाळा! तेवढ्यात दुसरा प्रश्न येई, "तुमच्या मायची वळत होती?" एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी जिलेबी वाढणाऱ्याला अडवून त्याच्या आत्याच्या थायरॉइडची विचारपूस केली. त्या भल्या माणसानेही परात खाली ठेवून सविस्तर उत्तर दिलं. पुढची अख्खी रांग तोवर वरणभातावर खिळून होती.

नोकरी त्यांची फॉरेस्टच्या लाकूड डेपोत. सागाचे लठ्ठे मोजायचे, ठोकून आवाज ऐकायचा, पोकळ निघाला की खडूने फुली मारायची. हा उद्योग लाकडावरून माणसांवर आला तो त्यांच्या बायकोमुळे, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीमुळे. ऐन पस्तिशीत तिच्या हातांची बोटं सुजली. शेजाऱ्यांनी थंड पाण्याला दोष दिला, नातेवाइकांनी वांग्याला, एका काकूंनी सरळ करणीला. शेवटी साडूभाऊ तिला नागपूरला घेऊन गेले. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की हा संधिवात निराळा. शरीराची राखण करणारी शक्तीच शरीरावर उलटते, आणि असा कल घराण्यातून येऊ शकतो. मग एकीला सांधे, दुसरीला थायरॉइड, तिसऱ्या कुणाला कोड. साडूभाऊंनी बाईंना इतके प्रश्न विचारले म्हणे, की बाहेर ताटकळलेले पेशंट वैतागून आत आले आणि तेही बसून ऐकू लागले.

परत आल्यावर त्यांनी आम्हाला याचा आलापल्लीच्या भाषेत अर्थ सांगितला. "नाक्यावरचा गार्ड असते ना, त्यानं चोरट्याचा ट्रक अडवावा. तो आपल्याच साहेबाची जीप अडवते अन् काच फोडते. असा गार्ड हिच्या आंगात आहे."

"मंग त्याची बदली करा भाऊजी," माझी बायको म्हणाली.

"नाई होत. तो खानदानी आहे."

पुढच्याच वर्षी माझ्या बायकोला थायरॉइड निघाला. साडूभाऊ चंद्रपूरला भेटायला आले ते पेढे घेऊन. आजाराबद्दल त्यांना खरंच वाईट वाटत होतं, पण अंदाज बरोबर निघाल्याचा आनंदही त्यांना लपवता येईना.

डेपोतला खडू ते घरी आणत आणि फरशीवर घराणी मांडत. बाईमाणूस म्हणजे गोल, बाप्या म्हणजे चौकोन, आणि ज्याला काही झालं असेल तो कोळशाने भरलेला. ओसरी, अंगण, संडासाकडे जाणारी पायवाट, सगळीकडे गोल आणि चौकोन. आमच्या सासरच्या मंडळींना तुळशीपासून नळापर्यंत जागा लागली. बघणाऱ्याला ते भविष्य वाटे, पण साडूभाऊ त्यावर चिडत. "कल येते, बिमारी येतेच असं नाई. एकाच झाडाचं बियाणं दोन जागी लावा. एक लठ्ठा सरळ निघते, दुसरा पोकळ. बियाणं बी पाहा, जमीन बी पाहा."

एवढं सगळं ज्ञान गोळा झालं आणि त्यांच्या एकुलत्या मुलीच्या, वैशूच्या उजव्या मनगटावर पांढरा डाग उमटला. तिच्या आत्याला होता तसाच. वैशू लग्नाची झाली होती. घरच्या बायकांनी एकमताने ठरवलं की लांब बाह्यांचा ब्लाउज शिवायचा आणि सोयरीक पक्की होईपर्यंत तोंड उघडायचं नाही.

"पोकळ लठ्ठ्यात भुसा भरून इकतात, त्याले चोरी म्हणतात," साडूभाऊ म्हणाले. त्यांनी सांगायचं ठरवलं आणि सांगितलंही. पहिली दोन स्थळं उठून गेली. दुसऱ्या वेळी तर पाहुणे असे गेले की एका काकांनी चमच्यात घेतलेले पोहे बशीत परत ठेवले. बायको त्यांच्याशी बोलेना. एक दिवस मी त्यांना विचारलं, पोरगी घरातच राहिली तर? ते बराच वेळ खडू खिशातल्या खिशात फिरवत बसले.

तिसरं स्थळ घुग्घुसचं. मुलगा खाणीत इलेक्ट्रिशियन. त्या दिवशी वैशूने बापाला बजावलं, "बाबा, सांगाचं तर सांगा, पण पाहुन्यायचं खाणं झाल्यावर सांगा. मागच्या बारीचे पोहे मलेच खा लागले." त्यांनी मान डोलावली. पण मुलाची आई अंगणातच थबकली आणि कौतुकाने म्हणाली, "काय बाई सुंदर रांगोळी काढली!"

साडूभाऊंनी वैशूकडे पाहिलं. वैशूने कपाळावर हात मारला. "सांगा आता."

"रांगोळी नोहे बाई. हे आमचं खानदान आहे. हा काळा गोल पोरीची माय, संधिवात. ही मावशी, थायरॉइड. ही आत्या, कोड. अन् ही पोरगी. तिले बी कोड आहे, मनगटावर."

मुलाच्या वडिलांनी घसा साफ केला. "पुढं लेकरांले होईन का?"

मी मनात म्हणालो, नाही म्हणा, एकदा तरी नाही म्हणा.

"बहुतेक नाई होत," साडूभाऊ म्हणाले, "पण मी ग्यारंटी नाई देत."

वडील वळलेच होते. मुलाची आई मात्र वैशूच्या आईकडे गेली, तिचे वाकडे झालेले हात हातात घेतले आणि आपले त्यांच्याशेजारी धरले. तिचीही पेरं सुजलेली होती. "सकाळी उघडतच नाई," ती हळूच म्हणाली. "घरी म्हणतात, कामाचा कंटाळा आहे हिले." वडील जमिनीकडे बघू लागले. साडूभाऊ स्थळ-बिळ विसरले. त्यांनी बाईंना ओसरीवर बसवलं आणि चौकशी सुरू केली. त्या बाईही बोलत सुटल्या, जणू वर्षानुवर्षं कुणी विचारायची वाट बघत होत्या. पोहे सगळ्यांनी खाल्ले, दोनदा.

निरोप आठवड्याने आला. मुलाचा होकार होताच, आईने वर कळवलं होतं, "मले अशी सून पाह्यजे, जिले माह्यं दुखणं खरं आहे हे पटवा नाई लागन."

लग्नाच्या आदल्या दुपारी मांडवात मुली मेंदी काढत होत्या. वैशूने बाह्या कोपरापर्यंत सारल्या होत्या. मेंदी धुतली, तेव्हा साडूभाऊ तिच्याजवळ येऊन उकिडवे बसले. सावळ्या हातावर मेंदी जेमतेम दिसत होती. मनगटावरच्या त्या पांढऱ्या डागावर मात्र ती लालभडक उठली होती, पाकळीन् पाकळी मोजून घ्यावी अशी.

"इथीच चांगली रंगली बेटा," ते म्हणाले. उपरण्याने तोंड पुसत ते उठले आणि मांडवाचे खांब ठोकून बघत उगाचच पार टोकापर्यंत चालत गेले.