हाना आजी पास झाल्या, तिथेच घोळ झाला

हाना आजी कोकम सरबताचा ट्रे घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. सकाळीच मी आणि त्यांना सांभाळणाऱ्या सुलभाने दोन्हीकडून धरून त्यांना खुर्चीतून उठवलं होतं. आता त्याच बाई इस्त्रीची साडी नेसून, लिपस्टिक लावून, आधाराशिवाय चालत होत्या. वॉकर गायब. तो आजींनी सुलभाला न्हाणीघरात लपवायला लावला होता, हे मला नंतर कळलं.

मी फिजिओथेरपिस्ट. रत्नागिरीत इतकी वर्षं प्रॅक्टिस करूनही अर्धं गाव मला मालिशवाली समजतं, ते जाऊ दे. हाना आजी माझ्या जुन्या पेशंट. वय नव्वदीच्या घरात. जन्माने ज्यू, युरोपातल्या. लहानपणी नाझींच्या छळछावणीत होत्या. तिथून सुटल्या तेव्हा घरातलं कोणी उरलं नव्हतं. एक मामा आधीच मुंबईला येऊन डॉक्टरकी करत होता, त्याने बोलावून घेतलं. पुढे आमच्या रत्नागिरीच्या एका प्रोफेसरांशी लग्न झालं. मराठी त्या थेट सासूबाईंकडून शिकल्या, म्हणजे शिव्यांसकट. आता प्रोफेसर नाहीत, मुलगा परदेशात.

छावण्यांतून वाचलेल्यांना म्हातारपणी घरी मदतनीस मिळावी म्हणून त्या छळाबद्दल मिळालेल्या भरपाईतून खर्च करणारी एक परदेशी संस्था आहे. दिवसाच्या सुलभाचा पगार तिथूनच येतो. मध्यंतरी आजी रात्री बाथरूममध्ये पडल्या, म्हणून रात्रीलाही बाई हवी असा अर्ज आम्ही केला. मुलाने स्पष्ट सांगितलं होतं, रात्रीची सोय झाली नाही तर आई पुण्याच्या वृद्धाश्रमात. तिथला फोटोही पाठवला होता. मोठा हॉल, ओळीने खाटा. आजींनी मोबाईल पालथा ठेवला आणि म्हणाल्या, मरेन पण तिथे जाणार नाही. का, ते विचारायची गरज नव्हती.

तर त्या अर्जासाठी मुंबईहून किहीमकर साहेब फंक्शनल असेसमेंट करायला आले होते. म्हणजे आंघोळ, कपडे, जेवण, उठबस यातलं माणसाला स्वतःला किती जमतं ते बघायचं. जेवढं कमी जमेल तेवढी मदत जास्त. परीक्षाच, पण नापास व्हायची.

आजी डिस्टिंक्शनमध्ये पास होत होत्या. आंघोळ? स्वतः करते. कपडे? स्वतः. जिना? त्यात काय, रोजचाच आहे. साहेब बसा बसा म्हणत होते, पण बाई बसायला तयार नाहीत. मी मागून डोळे वटारत होते, तिकडे ढुंकून बघतील तर शपथ. सुलभा मिरजोळ्याची, तोंडाने फटकळ. ती दारातूनच म्हणाली, "मग मी काय इथं माश्या मारतंय?" आणि आत जाऊन भांडी आपटायला लागली.

किहीमकर अलिबागकडचे, स्वतः ज्यूच, स्वभावाने अगदी गरीब. मी त्यांना फाटकाशी गाठलं. ते म्हणाले, "मॅडम, मी बघतो तेच लिहितो. आजी माझ्यापेक्षा फिट आहेत." मी हातापाया पडले. उद्या गाडीच्या आधी एकदा येऊन जातो, असं त्यांनी कबूल केलं.

आत आले तर आजी कॉटवर आडव्या, पाय लटलटतायत. मी भडकलेच. हे नाटक कोणासाठी, वृद्धाश्रमात जायचंय का, असं तोंडाला येईल ते बोलले. त्यांनी मला बोलू दिलं. मग म्हणाल्या, "छावणीत साहेब यायचा तेव्हा आई माझे गाल चिमटायची. लाल दिसावेत म्हणून. ताठ उभं राहायचं, बसायचं नाही. जो आजारी दिसेल त्याला बाजूला काढायचे."

मला इतका वेळ वाटत होतं, बाई नटवी आहे, पाहुण्यासमोर मिरवतेय. लाज वाटली मला.

"हा माणूस चांगला आहे, कळतं गो मला," आजी म्हणाल्या. "पण पायांना कळत नाही."

दुसऱ्या दिवशी मी किहीमकरांना फाटकावरच सगळं सांगितलं. म्हटलं, आजींना काही विचारू नका, सुलभाला विचारा. सांभाळणाऱ्या माणसाला विचारायची त्यांच्या नियमात सोय होती. माझी अक्कल मला फार थोर वाटली. पण सुलभाचा रुसवा गेला नव्हता, हे मी विसरले.

आजी कालच्यासारख्याच ताठ उभ्या. किहीमकरांनी विचारलं, आंघोळ कोण घालतं? सुलभा म्हणाली, त्या करतात. कपडे? त्याच. मग तुम्ही काय करता?

"मी काय करत नाय. नुसती बसतंय. लिवा तसंच."

मी कपाळावर हात मारला. किहीमकरांनी पेन टेकवलं.

"खोटं बोलतेय ती!" आजी कडाडल्या. "मला आंघोळ ती घालते. ब्लाउजचे हुक ती लावते, माझी बोटं चालत नाहीत. मासे खायचे तर काटे ती काढते. रात्री मी पडले, तर ती येईपर्यंत तशीच पडून होते. हिने उचललं, धुतलं, आणि वर मलाच ओरडली. म्हणे नुसती बसते! लिहा तुम्ही. एक एक लिहा."

किहीमकर मान खाली घालून लिहीत होते. सुलभा पदराने नाक पुसत होती, तोंडाने मात्र चालूच, ओरडले नव्हते मी, एवढंसं बोलले होते. मलाही हसू आवरेना.

बोलता बोलता आजींचे पाय थरथरायला लागले. मी पुढे झाले, तर हातानेच थांबवलं मला. किहीमकरांकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"साहेब," त्या म्हणाल्या, "मी बसते."

आणि बसल्या. किहीमकर उठून उभे राहिले.

रात्रीची बाई मंजूर झाली. खेडची आहे. घोरते, अशी आजींची तक्रार असते आणि आजी झोपेत शिव्या देतात, अशी तिची. मला दोन्ही ऐकावं लागतं. पण त्या दिवसापासून मी कुठल्याच पेशंटला, तुम्हाला काय जमत नाही, असं विचारत नाही. तुमचं कोण काय करतं, ते विचारते. आणि ते करणारं माणूस समोर उभं असतानाच विचारते.